डाव्या स्पीकरचा नंबर

"हे बरं, की हे?"

नंबरकाकांनी रिमोटचं बटण दाबलं, दोन क्षण थांबले आणि पुन्हा दाबलं. समोर सोफ्यावर बसवून ठेवलेल्या त्यांच्या बायकोला दोन्ही वेळच्या आवाजात तसूभरही फरक जाणवला नव्हता. दोन्ही सारखेच आहेत, असं तिने सांगून टाकलं. हे उत्तर त्यांना चालायचं नाही. एकतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचं चालवून घेतलं नव्हतं, ते बायकोचं कुठून चालवून घेणार? घाई करू नकोस, पुन्हा दाखवतो, असं म्हणून ते पुन्हा आवाज 'दाखवायला' लागले. रविवारची सकाळ होती. आत गॅसवर दूध होतं, मशीनमधले पिळलेले कपडे तासाभरापासून गोळा होऊन पडले होते, आणि हा सलग तिसरा रविवार होता.

नंबरकाका हे त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं नाव. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, औषधांचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामधल्या बोळाएवढ्या जागेत ते चष्मे करत. सुरुवातीला दुसऱ्याच्या दुकानात काचा घासल्या, मग डोळे तपासायचं रीतसर शिकले, मग हे दुकान. वाट्टेल त्याला वाट्टेल तिथे नंबर सांगायची त्यांना सवय होती. लग्नाच्या बोलण्यांना ते आले तेव्हा मुलीच्या वडिलांनी वर्तमानपत्र हात लांब करून धरलं होतं, तर हे पहिलं वाक्य बोलले ते, "दीड असेल तुमचा." त्यामुळे ती मुलगी, जी एका कॉलेजच्या ग्रंथालयात अतिशय शांतपणे नोकरी करत होती, ती काही दोष नसताना सगळ्या बाजाराची नंबरकाकू झाली.

माणूस सरळ होता, याबद्दल तिची तक्रार नव्हती. चष्मा बदलायला आलेल्याला "जुनाच चालेल, फक्त काच पुसत जा" असं सांगून रिकाम्या हाताने परत पाठवायचे. महागाची फ्रेम कुणाच्या गळ्यात मारली नाही. पण त्यांची एक पक्की समजूत होती. दुकानात डोळे मोजायचं एक यंत्र होतं, हनुवटी टेकवली की आपोआप आकडा छापून देणारं. तो कागद ते बाजूला ठेवत. "यंत्र सांगतं तो अंदाज," ते म्हणायचे, "नंबर माणूस सांगतो." मग तो जड गोल चष्मा नाकावर चढवायचा, त्यात काचा घालायच्या, काढायच्या, आणि विचारत राहायचं, हे बरं की हे.

आणि जेवताना गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचे. ज्याला ओळ वाचता येत नाही, तो तीन गोष्टी करतो म्हणे. आधी पुढे वाकतो. मग डोळे बारीक करतो. आणि शेवटी फळ्याला नावं ठेवतो, अक्षरं पुसट आहेत, लाइट कमी आहे. "त्याला मी एवढंच सांगतो," काका हसत म्हणायचे, "फळा तोच आहे, लाइटही तोच आहे. बदललाय तो झाकलेला डोळा." हा विनोद तिने इतक्या वेळा ऐकला होता की हसायची जागा आली की ती पोळीचा घास घ्यायची.

हे सगळं सुरू झालं रिसिव्हरमुळे. तिचा भाऊ लहान घरात राहायला गेला आणि त्याने त्याचा रिसिव्हर बहिणीकडे पाठवून दिला. टीव्हीतला आवाज घेऊन त्याला ताकद द्यायची आणि तो खोलीतल्या स्पीकरना वाटून द्यायचा, एवढं काम करणारा काळा जाडजूड डबा. सोबत स्पीकरचा आवाज मोजायचा एक छोटा माइकही होता. स्पीकर मात्र भावाने आधीच कुणाला तरी देऊन टाकले होते. डबा फुकट आला आणि घरात खर्चाचं बोलणं सुरू झालं. काकांनी सांगितलं की टीव्हीवर हल्ली सगळे पुटपुटतात, एक वाक्य धड कळत नाही, तेव्हा पुढचे दोन चांगले स्पीकर तरी हवेतच. तिने एक आकडा ठरवून दिला. नवं वॉशिंग मशीन पुढच्या वर्षावर ढकलून तो आकडा निघत होता. त्याच्यावर एक पैसा जाणार नाही, असं काकांनी कबूल केलं.

टीव्हीवर कुणीही पुटपुटत नव्हतं, हे तिला माहीत होतं. बोलणारे तेच होते. ऐकणाऱ्याचा डावा कान गेला होता.

दोन महिन्यांपासून ती बघत होती. फोन आला की तो डाव्या हातात असला तरी काका तो उजव्या कानाला नेऊन लावायचे. रस्त्याने चालताना तिला डाव्या बाजूला येऊ द्यायचे नाहीत. उजव्या कुशीवर झोपले की हाका मारून घसा बसला तरी उठत नसत, आणि सकाळी वर तोंड करून म्हणायचे, तू हाक मारलीसच नाहीस. हेही तिने पोटात घातलं असतं. पण रोज सकाळी ते मुलीला स्कूटरवर मागे बसवून तिच्या प्रशिक्षण केंद्रावर सोडत. मुलगी दंततंत्रज्ञ व्हायचं शिकत होती, म्हणजे कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायचं काम. महिन्यापूर्वी डावीकडच्या गल्लीतून एक टेंपो हॉर्न वाजवत अंगावर आला. रस्त्यावरच्या सगळ्यांनी मान वळवली. स्कूटर चालवणाऱ्याने वळवली नाही. मुलीने मागून खांदा धरून हिसका दिला म्हणून दोघं वाचली. काकांचं म्हणणं, टेंपोवाल्याने हॉर्न दिलाच नव्हता.

त्या दिवसापासून नंबरकाकू रोज सकाळी आठ वाजता फोन हातात घ्यायची आणि नऊ वाजता मुलीचा 'पोचले' असा मेसेज आला की खाली ठेवायची. मुलीला बसने जा म्हटलं तर दोन बस बदलून तास उशीर. मीच चालवते म्हणून मुलीने दोनदा किल्ली मागितली, तर काकांनी ती खिशात घालून ठेवली. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या, असं तिने आडून सांगितलं, सरळ सांगितलं, भावाकडून सांगवलं. काकांचं एकच. "माझ्या कानाला काय धाड भरलीय? आधी स्पीकर बसू देत."

तर आधी स्पीकर.

जुन्या सामानाचा एक दुकानदार होता. जिन्याखालची खोली, जमिनीपासून छतापर्यंत रचलेले स्पीकर आणि मधून एक माणूस आडवा चालेल एवढी वाट. रिसिव्हरच्या पाठीवर लिहिलं होतं की स्पीकर सहा ते सोळा ओहमचे हवेत. त्याहून कमी ओहमचा स्पीकर जास्त वीज ओढतो, डबा तापतो, एवढं काकांनी भिंग लावून माहितीपुस्तकात वाचलं होतं. दुकानदाराने कमरेएवढ्या उंच जोडीच्या पाठीवरची चिठ्ठी हात लांब करून वाचली आणि आठ म्हणून सांगितलं. आता इथे काकांनी चिठ्ठी बघायला हवी होती की नाही? ते दुकानदाराचा हात बघत बसले. अडीच असेल तुमचा, जवळचा चष्मा लावत जा, डोकं दुखत असेल संध्याकाळी, हे सगळं त्याला समजावून सांगितलं आणि स्पीकर रिक्षात घालून घरी आणले. तासाभरात रिसिव्हर तव्यासारखा तापला आणि फट्कन बंद पडला, थंड झाल्यावरच परत सुरू झाला. मुलीने वाकून चिठ्ठी वाचली. चार.

"दोघांपैकी एकाने तरी वाचायचं ना बाबा," ती म्हणाली. "एकाला दिसत नव्हतं, दुसरा डोळ्यांचा माणूस."

दुसरी जोडी आठ ओहमची होती. चारचौघांनी वाचून खात्री केली होती. दिसायला गोंडस, कपाटात मावणारी. पण आवाज उचलेना. तेवढीच वीज दिली तर एखादा स्पीकर मोठा वाजतो आणि एखादा हळू, हे तेव्हा कळलं. तेही त्या चिठ्ठीवर डेसिबलमध्ये लिहिलेलं असतं, आणि यांच्या चिठ्ठीवर ते ब्याऐंशी होतं, म्हणजे बरंच कमी. भावाचा रिसिव्हर काही फार ताकदीचा नव्हता. ऐकू येण्यासाठी तो एवढा वर न्यायला लागायचा की आवाज फाटायचा. दुकानदाराने तीही जोडी कुरकुर न करता परत घेतली.

तिसरी जोडी अगदी हवी तशी. आठ ओहम, डेसिबल नव्वद, मध्यम आकाराची, आणि ठरलेल्या आकड्यात बसून थोडे पैसे उरले. नंबरकाकूला वाटलं, सुटलो.

भावाने फोनवर सांगितल्याप्रमाणे तो माइक सोफ्यावर डोक्याच्या उंचीला, पुस्तकांच्या चळतीवर ठेवला. सगळ्यांनी श्वास रोखून स्वयंपाकघरात उभं राहायचं होतं. दोन्ही स्पीकरमधून आळीपाळीने चिवचिव आवाज आला आणि टीव्हीवर आकडे उमटले. डावा आणि उजवा, अर्ध्या डेसिबलचाही फरक नव्हता.

काका येऊन सोफ्यावर बसले. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "डावा कमी आहे."

यंत्र सांगतं तो अंदाज. नंबर माणूस सांगतो. आणि इथे नंबर सांगणारा माणूसही तेच आणि काढणाराही तेच. त्यांनी डावा स्पीकर उजवीकडे नेला आणि उजवा डावीकडे आणला. तरी डावाच कमी. मग वायरीत दोष आहे म्हणून वायरी बदलल्या. मग भिंत. डावीकडे पडदा आहे, तो आवाज पितो. पडदा काढला. शेजारच्या इमारतीतल्या बाई खिडकीतून थेट त्यांच्या सोफ्यावर बघू लागल्या, पण डावा काही वाढला नाही. शेवटी रिसिव्हरमध्ये जाऊन त्यांनी डाव्याचा आवाज हाताने सात डेसिबल चढवला आणि समाधानाने मागे टेकले. मुलगी पाच मिनिटं बसली आणि उठून गेली. सगळं घर डावीकडे कलल्यासारखं वाटतंय, डोकं उठलं, म्हणाली.

तेवढ्यावरही थांबले असते. पण सरळ माणसाला एकदा वाटलं की आपल्याला फसवलंय, की तो सरळ राहत नाही. काका डावा स्पीकर काखेत मारून त्या जिन्याखालच्या खोलीत गेले. नको नको म्हणताना बायको मागून. दुकानदाराने स्पीकर त्याच्या मीटरवर लावला, उजव्याचा आकडा आधीच लिहून ठेवलेला होता, दोन्ही शेजारी दाखवले. सारखे. काका म्हणाले, मीटरमध्ये तू काहीतरी केलंयस. दोन परत घेतलेस त्याची भरपाई यात करतोयस.

दुकानदाराने वाद घातला नाही. त्याने काकांकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून नंबरकाकूकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता. त्याला कळलं होतं. ती मान खाली घालून स्पीकरच्या भिंतींमधून आडवी चालत बाहेर आली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. काकांना मात्र वाटलं, ती बोलतेय आणि रस्त्याच्या आवाजात ऐकू येत नाहीये, दोनदा "काय म्हणालीस?" विचारलं.

आणि आता हा तिसरा रविवार, आणि हे बरं की हे.

दूध उतू गेल्याचा वास आला. ती उठली नाही. मुलीने आतून गॅस बंद केल्याचं तिने ऐकलं, आणि ऐकू येणं ही किती साधी गोष्ट आहे असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिची सहनशक्ती संपली.

तिने त्यांच्या हातातून रिमोट घेतला. डाव्याचे चढवलेले सात डेसिबल शून्यावर आणले. बातम्या लावल्या, आवाज नेहमीइतका. जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून टीव्हीसमोर बरोबर मधोमध ठेवली.

"बसा."

"अगं, पण हे काय..."

"मी तुमच्यासमोर तीन रविवार बसले. तुम्ही पाच मिनिटं बसा."

तिचा असा आवाज त्यांनी फारसा ऐकला नव्हता. ते बसले. दारात मुलगी दुधाच्या पातेल्यासकट उभी होती.

"उजवा झाका," ती म्हणाली.

त्यांचा हात सवयीने डोळ्यावर गेला. तिने तो धरून कानावर नेला आणि तळवा घट्ट दाबला. बातम्या सांगणारी बाई कुठल्याशा पुलाच्या दुरुस्तीबद्दल बोलत होती.

"काय म्हणतेय ती?"

काका पुढे वाकले. थोडे आणखी वाकले. मग त्यांनी डोळे बारीक केले, जणू त्या बाईचे ओठ हीच सगळ्यात खालची ओळ होती.

"ही बाईच पुटपुटतेय," ते म्हणाले.

"बरं. आता डावा झाका."

त्यांनी हात बदलला. पुलाचं काम, बंद ठेवलेला रस्ता, पर्यायी मार्ग. सगळं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेलं तिला दिसलं. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं ते उमटणं.

"हे बरं," तिने विचारलं, "की हे?"

त्यांनी हात खाली घेतला.

"घाई नको. पुन्हा दाखवते. उजवा झाका."

तिने पुन्हा दाखवलं. मग पुन्हा. चौथ्यांदा हात वर नेताना ते मधेच थांबले. हात मांडीवर ठेवून टीव्हीकडे बघत राहिले. बातम्या संपून हवामान सुरू झालं होतं. तिला वाटलं आता ओरडतील, उठून जातील, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. उद्या पुन्हा सकाळचे आठ वाजतील.

"फळा तोच आहे," ते हळूच म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या विनोदावर तिला पोळीचा घास घ्यावासा वाटला नाही. त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि हात लांब करून दाराकडे धरली. मुलीने पातेलं खाली ठेवून ती घेतली, लगेच, त्यांचं मन बदलायच्या आत.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की डाव्या कानातली नस कमजोर झालीय, गेलेलं बहुतेक परत यायचं नाही, उरलेलं जपता येईल, यंत्र लावा. आणि दोन महिने काय करत होतात, असंही विचारलं. नंबरकाकूने जीभ दाताखाली धरली. काका म्हणाले, स्पीकर जुळवत होतो. बाहेर आल्यावर त्यांनी बाईंच्या पद्धतीला नावं ठेवली. कानात शिट्टी वाजवायची आणि ऐकू आली की बटण दाबा म्हणायचं, ही काय तपासणी झाली? एकदाही विचारलं नाही, हे बरं की हे.

परत येताना त्यांनी रिक्षा जिन्याखालच्या दुकानाशी थांबवली आणि एकटेच आत गेले. काय बोलले ते तिला कळलं नाही. आठवड्याने त्या दुकानदाराच्या नाकावर नवा चष्मा होता, अडीचचा, आणि त्याचे पैसे काकांनी घेतले नव्हते.

आता सकाळी आठला मुलगी स्कूटर काढते आणि काका मागे बसतात, त्यांना तिने वाटेत दुकानाशी सोडायचं. मागे बसून ते ब्रेक कधी दाबायचा ते सांगतात. पूर्वीच बरं होतं, तेव्हा निदान चालवताना गप्प असायचे, असं मुलगी म्हणते. नऊ वाजता मेसेज येतो. नंबरकाकू फोन अजूनही हातात घेते, पण दोघं जिना उतरेपर्यंतच.

डाव्या स्पीकरचा आकडा शून्यावरच आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलंय. पण गेल्या रविवारी नंबरकाकू भाजी निवडत होती तेव्हा काका येऊन शेजारी बसले, तिच्या उजवीकडे, कानातलं ते मक्याच्या दाण्याएवढं यंत्र तिच्या बाजूला येईल असे. त्याला आवाज कमीजास्त करायचं एक बारीक बटण आहे. त्यांनी ते दाबलं. दोन क्षण थांबले. पुन्हा दाबलं.

"हे बरं," त्यांनी तिला विचारलं, "की हे?"

तिने भाजीची सुरी खाली ठेवली. तुमच्या कानातलं मला कसं कळणार, हे त्यांना कसं समजावून सांगावं याचा ती थोडा वेळ विचार करत राहिली.

"पहिलं," ती शेवटी म्हणाली.

"घाई करू नकोस," काका म्हणाले. "पुन्हा दाखवतो."